नवी घेतलेली मासेमारीची बोट ॲरिझोनाहून सान कार्लोसला न्यायची आहे: कागद, ट्रेलर, रस्ता

टूसॉनकर

मंडळी नमस्कार. सॅन डिएगोच्या एका गृहस्थाकडून २२ फुटी सेंटर कन्सोल (सुकाणू मधोमध असलेली उघडी बोट) घेतली आहे. बोट फायबरची, २०१२ ची. मागे यामाहाचे १५० हॉर्सपॉवरचे आउटबोर्ड इंजिन, खाली दोन ॲक्सलचा गॅल्व्हनाइज्ड ट्रेलर. बोट सध्या टूसॉनला अंगणात आहे. ओढायला टोयोटाचा टुंड्रा ट्रक आहे. बोटीवर क्रेडिट युनियनचे कर्ज आहे, ट्रकवर नाही.

नोगालेसमार्गे मेक्सिकोतल्या सान कार्लोसला न्यायची, तिथल्या ड्राय यार्डमध्ये (जमिनीवर बोटी ठेवायच्या आवारात) ट्रेलरसकट ठेवायची आणि हिवाळ्यात जाऊन-येऊन मासेमारी करायची असा विचार आहे. माझ्याकडे भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड. सोबत येणारा मित्र एच-१बी वर आहे. त्याचा व्हिसा स्टॅम्प संपलाय, आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची आणि मुक्कामाच्या मुदतीची नोंद) चालू आहे.

प्रश्न असे: बोटीला मेक्सिकोत कुठला परवाना लागतो आणि तो सीमेवर काढावा की ऑनलाइन? ट्रेलरचा वेगळा लागतो का? विमा कुठला? आणि सुमारे ५०० किलोमीटर ओढताना काय बघायचे? विक्रेत्याने जाता जाता सांगितले की त्याने ही बोट काही वर्षे मेक्सिकोत, एन्सेनाडाला ठेवली होती. त्याने काही फरक पडतो का?

नांगरवाला

शेवटचा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारलाय, पण सगळ्यात आधी तोच सोडवा. बाकीचे नंतर.

बोट एन्सेनाडाला राहिली म्हणजे बहुधा तिच्यावर जुन्या मालकाच्या नावाचा टीआयपी आहे. टीआयपी म्हणजे तात्पुरत्या आयातीचा परवाना. तो बानहेर्सितो ही मेक्सिकोची बँक देते, आणि तो बोटीच्या सांगाड्यावरच्या ओळख-क्रमांकाला, म्हणजे एचआयएनला चिकटतो. बोटीचा टीआयपी १० वर्षांचा असतो. मालक बदलला म्हणून तो आपोआप रद्द होत नाही आणि नव्या मालकाच्या नावावरही होत नाही. तुम्ही खिडकीवर गेलात आणि यंत्रणेत त्या एचआयएनवर जुना परवाना उघडा दिसला, की तुमचा अर्ज तिथेच अडतो. मुदत संपली असली तरी अडतो, कारण 'बोट देशाबाहेर गेली' ही नोंदच झालेली नसते. मेक्सिकोच्या कस्टमच्या दृष्टीने तुमची बोट अजून एन्सेनाडातच आहे.

म्हणून आजच विक्रेत्याला फोन करा. टीआयपी काढला होता का, तो परत केला का, परत केल्याची पावती आहे का, हे तीनच प्रश्न विचारा. पावती असेल तर प्रत मागवून ठेवा, काम संपले. नसेल तर मूळ कागद त्याच्याकडून घ्या. तो मिळाला आणि मुदत चालू असेल तर बोट सीमेवर बानहेर्सितोच्या खिडकीशी नेऊन रद्द करून घेता येतो, पण परवाना ज्याच्या नावावर आहे त्याची सही किंवा त्याचे अधिकारपत्र हाताशी हवे. मुदत संपलेली असेल तर प्रकरण मेक्सिकोच्या कर खात्याकडे, एसएटीकडे जाते. तिथे स्पॅनिशमध्ये अर्ज, विक्रीचा करार, बोट आता अमेरिकेत असल्याचे पुरावे असे सगळे द्यावे लागते. हे काम एखाद्या मरीन कस्टम एजंटाकडे सोपवलेले बरे. वेळ लागतो, आठवड्याच्या सुट्टीत उरकण्यातले नाही.

वापरलेली बोट घेताना पैसे देण्याआधी ही अट करारात घालायची असते. तुमचे पैसे गेलेत, तरी विक्रेता सहकार्य करत असेपर्यंत घाई करा. वर्षभराने तो फोन उचलेलच असे नाही.

सोनोरातला_गळ

नांगरवाला यांच्याशी पूर्ण सहमत. जुना परवाना निकालात निघाला असे धरून पुढचे लिहितो.

मेक्सिकोच्या कस्टम कायद्यात साडेचार मीटरपेक्षा लांब हौशी आणि खेळाच्या बोटींना १० वर्षांपर्यंत तात्पुरती आयात मिळते, आणि त्याच कलमात 'त्यांच्या वाहतुकीचे ट्रेलर धरून' असे म्हटले आहे. तुमची बोट ६.७ मीटर, म्हणजे टीआयपी लागणार, आणि ट्रेलर त्याच परवान्यात बसतो. मात्र तो नोंदवून घ्यावा लागतो. अर्ज भरताना ट्रेलरचा १७ अंकी व्हीआयएन (वाहनाचा ओळख-क्रमांक), आउटबोर्डचा सिरियल नंबर, जोडीला छोटे किकर इंजिन असेल तर त्याचाही नंबर, सगळे लिहा. नोंद नसलेले इंजिन पुढे बदलायचे किंवा दुरुस्तीला परत न्यायचे म्हटले की डोकेदुखी होते.

टुंड्राला टीआयपी नको. नोगालेसहून सान कार्लोस-ग्वायमासपर्यंतचा सोनोराचा भाग गाड्यांसाठी मुक्त पट्ट्यात येतो. ग्वायमासच्या पुढे, मासात्लानकडे वगैरे उतरायचे असेल तर गाडीचा वेगळा परवाना आणि अनामत लागते: २००७ किंवा नंतरच्या मॉडेलला ४०० डॉलर, २००१ ते २००६ ला ३००, त्याआधीच्या गाडीला २००. बोटीला अनामत नाही, फक्त फी. आणखी एक फरक असा की गाडी परवान्यावर असताना ती तिथे सोडून तुम्ही परतू शकत नाही, बोट मात्र सोडू शकता. तुमचा सगळा बेत याच फरकावर उभा आहे.

बोटीचा परवाना बानहेर्सितोच्या संकेतस्थळावर काढता येतो, किंवा नोगालेसच्या दक्षिणेला महामार्ग १५ वरच्या किलोमीटर २१ च्या ठाण्यावर. पहिल्यांदा जाताय तर ऑनलाइन काढा. ठाण्यावर कागदात खोट निघाली तर बोट मागे लावून परत फिरावे लागते.

आता कागद. मालकी तुमच्या नावावर असल्याचा पुरावा हवा, आणि इथे ॲरिझोनाची एक गंमत आहे. कॅलिफोर्निया बोटीला टायटल (मालकीचा दाखला) देते, ॲरिझोना देतच नाही. इथे गेम अँड फिश खाते फक्त नोंदणी करते. म्हणून तुमच्या नावाची पक्की नोंदणी, विक्रीचा करार आणि विक्रेत्याने सही केलेल्या कॅलिफोर्निया टायटलची प्रत हे तिन्ही सोबत ठेवा. तात्पुरत्या नोंदणीवर जाऊ नका. ट्रेलरचे कागद मात्र मोटार वाहन खात्याचे, ते वेगळे. कोणी कोस्ट गार्ड डॉक्युमेंटेशन करून घ्या असे सुचवले तर तुम्हाला ते लागू नाही, त्यासाठी मालक अमेरिकन नागरिक असावा लागतो.

कर्ज आहे म्हणजे क्रेडिट युनियनचे 'बोट मेक्सिकोत नेण्यास हरकत नाही' असे नोटरी केलेले पत्र हवे. पत्रात एचआयएन आणि मुदत असू द्या. बऱ्याच कर्जकरारांत बोट देशाबाहेर ठेवायला मनाई असते, तेव्हा हे पत्र निव्वळ उपचार समजू नका.

आणि परवाना हातात आला की एकेक अक्षर ताडून बघा. एचआयएन ट्रान्समच्या, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीच्या, उजव्या वरच्या कोपऱ्यात कोरलेला असतो, १२ अक्षर-अंकांचा. आधी 'यूएस' आणि रेघ असेल तर ती त्या १२ मध्ये धरत नाहीत. एचआयएनच्या अनुक्रमांकात ओ हे अक्षर वापरतच नाहीत, तिथे दिसते ते शून्य असते. टंकणारा मात्र हमखास ओ टंकतो. खिडकीवर असतानाच दुरुस्त करून घेतले तर पाच मिनिटांचे काम आहे.

व्हिसावाला_भाऊ

बोटीतले मला कळत नाही, माणसांचे सांगतो.

तुम्ही भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्डावर मेक्सिकोच्या वेगळ्या व्हिसाशिवाय जाऊ शकता. कार्ड मूळ हवे, फोटोकॉपी चालत नाही. प्रवाशाचा एफएमएम परवाना रस्त्याने जाताना आपण होऊन थांबून काढावा लागतो. कुणी अडवत नाही म्हणून लोक तसेच पुढे जातात आणि पुढच्या तपासणीत अडकतात. मुक्काम ७ दिवसांपेक्षा जास्त असेल तर त्याची फी भरावी लागते.

मित्राची गोष्ट वेगळी. संपलेला स्टॅम्प आणि चालू आय-९४ यांवर ३० दिवसांच्या आत मेक्सिकोहून अमेरिकेत परत येता येते, हा अमेरिकेचा नियम आहे आणि तो खरा आहे. पण मेक्सिकोत शिरायला मेक्सिकोचा नियम लागतो, आणि तो म्हणतो की अमेरिकेचा व्हिसा चालू हवा. आय-७९७, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचे मंजुरीपत्र, त्यांच्या लेखी व्हिसा नव्हे. म्हणजे मित्राला परत यायला अडचण नाही, जायला आहे. त्याने मेक्सिकोच्या वकिलातीतून व्हिसा काढावा. आणि त्या ३० दिवसांत अमेरिकेच्या नव्या व्हिसासाठी अर्ज करू नये, केला तर ती सवलत जाते. बाहेर पडताना आय-९४ जमा करायचे नाही.

ग्रीसगन

आता ट्रेलर. सोनोराच्या महामार्गाकडेला उभ्या दिसणाऱ्या बोटी इंजिनामुळे उभ्या नसतात. चाकाचे बेअरिंग नाहीतर टायर गेलेला असतो.

वापरलेला ट्रेलर आहे, तर चारही हब (चाकांचे मधले तुंबे, ज्यांत बेअरिंग असतात) उघडा. आतली जुनी ग्रीस दुधाळ दिसली म्हणजे पाणी शिरलंय, बेअरिंग बदला, पुसून परत घालू नका. ३,५०० पौंडी ॲक्सलवर साधारणपणे आतले बेअरिंग एल ६८१४९ आणि बाहेरचे एल ४४६४९ असते, पण ॲक्सलवरची पट्टी आणि जुन्या बेअरिंगवरचा नंबर बघूनच मागवा. सील दर वेळी नवे. सोबत ग्रीस भरून तयार केलेला एक पूर्ण हब न्या: बेअरिंग, सील, नट, कॉटर पिन, डस्ट कॅप सगळे बसवलेले. रस्त्यावर बेअरिंगची रेस (बाहेरची कडी) ठोकून काढण्यापेक्षा अख्खा हब बदलणे केव्हाही सोपे. ग्रीस मरीनच, आणि आधीच्या ग्रीसशी जुळणारी. लिथियम कॉम्प्लेक्स आणि पॉलियुरिया एकत्र केली तर पातळ होऊन बाहेर येते.

पहिल्या ५० मैलांनंतर थांबा. चाकांचे नट टॉर्क रेंचने परत आवळा, अर्ध्या इंची स्टडला ९० ते १२० फूट-पौंड. प्रत्येक हबला हात लावा. कोमट असेल तर ठीक, हात टेकवता येत नसेल तर पुढे जाऊ नका. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर आकड्यापेक्षा चौघांतला फरक बघा. तीन सारखे आणि एक बराच गरम, म्हणजे त्याचे बेअरिंग तरी बिघडलंय किंवा ब्रेक तरी घासतोय.

टायर एसटी जातीचेच, म्हणजे खास ट्रेलरचे, ट्रकचे नाहीत. नक्षी कितीही चांगली दिसो, पाच-सहा वर्षांपुढचा टायर त्या उन्हात भरवशाचा नाही. वय साइडवॉलवरच्या शेवटच्या चार आकड्यांत असते: ३४१९ म्हणजे २०१९ चा ३४ वा आठवडा. टायर थंड असताना हवा साइडवॉलवर लिहिलेल्या कमाल दाबाइतकी भरा. कमी हवेने टायर तापतो आणि साल सोडतो. वेगाच्या खुणेचा वेगळा उल्लेख नसलेले एसटी टायर ताशी ६५ मैलांच्या हिशोबाने बनवलेले असतात. स्टेपनी त्याच मापाची आहे का, तिचे भोक स्टडवर बसते का, हे अंगणातच लावून बघा. गाडीचा जॅक ट्रेलरला बहुतेक वेळा पुरत नाही, बॉटल जॅक आणि खाली ठेवायला जाड फळी घ्या.

वजन काट्यावर करा, अंदाजाने नको. पेट्रोल गॅलनला ६ पौंडांच्या वर भरते, म्हणजे ८० गॅलनची टाकी पूर्ण असेल तर जवळजवळ ५०० पौंड नुसते तेच. टाकी पाव भरलेली ठेवा, बाकी तिकडे भरा. हिचवर (ट्रकला ट्रेलर जोडतात तिथे) एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भार यायला हवा. फारच कमी असेल तर ताशी ५५ मैलांच्या पुढे ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. मग बर्फाच्या पेट्या पुढे घ्या, नाहीतर विंच स्टँड थोडा पुढे सरकवा.

बांधणीत लोक एक गोष्ट विसरतात. विंचचा पट्टा म्हणजे बांधणी नव्हे. नाकाला वेगळी साखळी, मागे ट्रान्समच्या दोन्ही कड्यांना दोन पट्टे. आउटबोर्ड वर उचलून ट्रान्सम सेव्हरवर (इंजिनाला आधार देणाऱ्या दांड्यावर) टेकवा. गावागावांतून 'तोपे' असतात, म्हणजे आपले गतिरोधक, आणि काही ठिकाणी ना पाटी ना रंग. इंजिन खाली असेल तर त्याचे स्केग, म्हणजे तळाचे पाते, पहिल्याच तोपेवर घासते. अँटेना आडव्या, गाद्या आत, बॅटरीचा स्विच बंद, तळाचे बूच काढलेले. बूच चावीच्या जुडग्याला अडकवा म्हणजे पाण्यात उतरवताना आठवेल.

सोनोरातला_गळ

रस्त्याचे थोडे जोडतो. टूसॉनहून आय-१९ ने खाली या. या रस्त्यावरची अंतरे आणि एक्झिटचे आकडे किलोमीटरमध्ये आहेत, नेव्हिगेशनच्या मैलांशी गोंधळ करू नका. एक्झिट ४ घेऊन मारिपोसाच्या नाक्याने ओलांडा, नोगालेस शहराच्या आतल्या नाक्याने ट्रेलर नेऊ नका. पुढे महामार्ग १५ चौपदरी आहे. टोलला ट्रेलरच्या ॲक्सलचे जादा पैसे पडतात, सुटे पेसो ठेवा. सान कार्लोसला उजेडात पोचायचे, म्हणून पहाटे निघा. रात्री रस्त्यावर गुरे बसलेली असतात.

कस्टमला लाल दिवा लागला तर बोट उघडून दाखवावी लागते, लष्कराच्या चौक्यांवरही तेच. म्हणून निघण्याआधी बोटीचा प्रत्येक कप्पा, गाद्यांखालची पोकळी, कन्सोलच्या आतली जागा स्वतः रिकामी करा. जुन्या मालकाचे एखादे बंदुकीचे काडतूस कोपऱ्यात राहिले असेल तरी तो गुन्हा तुमच्या नावावर. मेक्सिकोत यात हयगय नाही. गळाच्या काठ्या माणशी चार चालतात. खोक्यातला नवा सुटा माल मात्र विकायला आणलाय असे वाटते. खोकी घरी टाका, बिले फोनमध्ये ठेवा.

टूसॉनकर

सगळ्यांचे मनापासून आभार. विक्रेत्याशी बोललो. टीआयपी काढला होता, २०१६ चा, परत केल्याची पावती नाही, पण मूळ कागद आहे आणि तो सही द्यायला तयार आहे. विम्याचे आणि मासेमारीच्या परवान्याचे कोणी सांगेल का?

नांगरवाला

२०१६ चा म्हणजे दहा वर्षे २०२६ मध्ये भरतात. कागदावरची अखेरची तारीख आधी बघा. मुदत शिल्लक असेल तर तेवढ्यात रद्द करून घ्या, उलटली असेल तर थेट एजंट. विक्रेत्याच्या पासपोर्टची प्रत आणि तुमचा विक्रीचा करार सोबत. परत केल्याची पावती छापील घ्या आणि जपा, उद्या तुम्ही बोट विकाल तेव्हा समोरचा हेच मागणार.

विमा दोन वेगळे. रस्त्यासाठी मेक्सिकन कंपनीची थर्ड पार्टी पॉलिसी लागते, अमेरिकेची तिथे चालत नाही. त्या पॉलिसीत ट्रक आणि ओढलेला ट्रेलर दोन्ही लिहिलेले असलेच पाहिजेत. ट्रेलर जाहीर केला नाही आणि अपघात झाला तर कंपनी ट्रकचाही दावा नाकारू शकते. कायदेशीर मदत आणि जामीन यांचे कलम घ्या. दुसरा विमा बोटीचा, पाण्यातला. तुमच्या अमेरिकन पॉलिसीतली जलप्रवासाची हद्द वाचा, बहुतेकींत कोर्तेसचा समुद्र, म्हणजे सान कार्लोससमोरचे कॅलिफोर्नियाचे आखात, नसतो. मरीना मेक्सिकोत मान्य असलेला दायित्व विमा मागते. वादळी हंगाम १५ मे ते ३० नोव्हेंबर. त्या काळात बोट पाण्याबाहेर असावी अशी अट पॉलिसीत असू शकते. यार्डात ठेवताना ट्रेलर जमिनीला बांधून आणि बूच काढूनच ठेवा.

कोर्तेसचा_डोराडो

मासेमारीचा परवाना कोनापेस्काचा (मेक्सिकोच्या मत्स्य आयोगाचा), ऑनलाइन मिळतो: दिवसाचा, आठवड्याचा, महिन्याचा किंवा वर्षाचा. नियम कडक आहे. बोटीवर गळाचे साहित्य असेल तर बोटीवरच्या प्रत्येकाकडे परवाना हवा, तो मासे धरो न धरो, लहान मूल असले तरी. नुसते फिरायला आलेल्या पाहुण्यांचा विचार आधीच करा.

मर्यादा माणशी दिवसाला १० मासे, एका जातीचे ५ पेक्षा जास्त नाहीत. डोराडो आणि रूस्टरफिश माणशी दोनच. मार्लिन, सेलफिश, स्वोर्डफिश किंवा शार्क यांतला एकच, आणि तो पाच माशांइतका मोजतात. हौशी परवान्यावरचा मासा विकायचा नाही. टोटोआबा हा मासा दिसला तर पाण्यातच सोडा. त्याची मासेमारी १९७५ पासून बंद आहे, आणि अमेरिकेच्या नाक्यावरही त्याला माफी नाही. तुकडे करून आणाल तर जात ओळखता येईल इतकी कातडी राहू द्या, आणि परतताना मासे जाहीर करा.

रेडिओचे कोणी बोलले नाही. अमेरिकेच्या किनाऱ्यावर हौशी बोटीला व्हीएचएफ रेडिओचा परवाना लागत नाही, पण परदेशी बंदरात जाताना एफसीसीचा (अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाचा) जहाज-केंद्र परवाना आणि चालवणाऱ्याचा मर्यादित रेडिओटेलिफोन परवाना दोन्ही लागतात. अर्ज फॉर्म ६०५ वर. एमएमएसआय नंबर, म्हणजे रेडिओवरून बोट ओळखायचा क्रमांक, तोही त्यातूनच घ्या. बोटक्लबांकडून फुकट मिळणारा नंबर देशांतर्गत असतो, तो आंतरराष्ट्रीय यादीत जात नाही, आणि बऱ्याच रेडिओंत एकदा भरलेला नंबर आपल्याला पुसता येत नाही. जुन्या मालकाचा नंबर तुमच्या रेडिओत असणारच. तो कारखान्याकडून पुसून घ्यावा लागेल, तेव्हा रेडिओ आताच काढून पाठवा.

ग्रीसगन

एक राहिले. सान कार्लोसच्या रॅम्पवर ट्रेलर खाऱ्या पाण्यात बुडणार. रस्त्यावरून आल्या आल्या हब तापलेले असताना पाण्यात घालू नका. आतली हवा आकसते आणि सीलमधून खारे पाणी ओढून घेते, पुढच्या महिन्यात तेच बेअरिंग जाते. अर्धा-पाऊण तास थांबा, तेवढ्यात पट्टे सोडा आणि बूच लावा. बोट उतरली की ट्रेलरचे ब्रेक आणि हब गोड्या पाण्याने धुवा. यार्डात नळ कुठे आहे ते बुकिंग करतानाच विचारा, प्रत्येक ठिकाणी नसतो. आणि १० मायक्रॉनचे पाणी वेगळे करणारे दोन इंधन फिल्टर जास्तीचे घ्या.

टूसॉनकर

कागदावरची तारीख पाहिली, अजून चार महिने आहेत. विक्रेता पुढच्या शनिवारी टूसॉनला येऊन नोटरीसमोर सही करतोय. हबचे सामान मागवले. रेडिओ काढून ठेवला आहे.

नांगरवाला

अधिकारपत्र इंग्रजीत एक आणि स्पॅनिशमध्ये एक, दोन्हींवर सही घ्या. एचआयएन आणि जुन्या टीआयपीचा क्रमांक दोन्हींत लिहा. खिडकीवरचा माणूस इंग्रजी वाचेलच असे नाही.